भूमध्य समुद्रातील क्रूझ: जहाज उत्तम गुणांनी पास, किनाऱ्यावरचा कार्यक्रम काठावर

कोल्हापुरातील एका सहल संस्थेमार्फत आम्ही उभयतांनी गेल्या मे महिन्यात पश्चिम भूमध्य समुद्रातील ७ रात्रींची क्रूझ केली. बार्सिलोनाहून निघायचे, मार्सेय, जेनोआ, लिव्होर्नो, चिविताव्हेक्या आणि नेपल्स ही पाच बंदरे घ्यायची, एक पूर्ण दिवस समुद्रावर काढायचा आणि पुन्हा बार्सिलोनाला उतरायचे, असा हा फेरा आहे. विमानभाडे, व्हिसा, जहाजावरील खोली, किनाऱ्यावरच्या सहली आणि आधीचे बार्सिलोनातील दोन मुक्काम धरून माणशी २ लाख ७० हजार रुपये पडले. संस्थेचे नाव देत नाही, कारण ज्या त्रुटी मी सांगणार आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. जाण्यापूर्वी गावातील आणखी दोन संस्थांची माहितीपत्रके आणून पाहिली होती, त्यांतही बंदरे तीच, थांबे तेच आणि दुपारच्या जेवणाचा पनीरही तोच होता.

जहाजाविषयी तक्रारीला जागा नाही, म्हणून ते आधी उरकतो. आम्ही बाल्कनीची खोली घेतली होती. खिडकी नसलेली आतली खोली बरीच स्वस्त पडते आणि दिवसभर शहरात फिरून रात्री फक्त झोपायला येणाऱ्याला तीही पुरते. मात्र पहाटे जहाज बंदरात शिरताना गाव हळूहळू उजेडात येते ते दृश्य बाल्कनीतून चहा घेत पाहण्याचे सुख वेगळे, आणि पैसे त्याचेच आहेत. बुफेमध्ये रोज वरण, भात आणि एखादी भाजी असे. तिखटाची अपेक्षा ठेवू नये. आमच्या गटातील प्रत्येक कुटुंबाच्या बॅगेत कांदा-लसूण मसाल्याची पुडी होती आणि तिसऱ्या दिवसापासून ती उघडपणे टेबलावर येऊ लागली. दोन गोष्टी मात्र पैसे भरण्याआधी विचारून घ्याव्यात. सेवकवर्गाची बक्षिसी जहाजावर प्रत्येक माणसाच्या खात्यावर रोज चढते आणि इंटरनेटचे पैसे निराळे असतात. पॅकेजच्या रकमेत या दोन्ही बाबी नव्हत्या आणि छापील पत्रकात त्या अगदी बारीक अक्षरात शेवटच्या पानावर होत्या.

खरा प्रश्न शहरांचा आहे. क्रूझची जाहिरात समुद्रकाठच्या सुंदर शहरांच्या नावांवर चालते, पण त्या नावांमागे दोन निरनिराळ्या जाती आहेत, हे आम्हाला प्रवासात उमगले. काही शहरांत जहाजाच्या शिडीवरून उतरले की माणूस गावातच असतो, तर काही ठिकाणी बंदर म्हणजे नुसती वेस असते आणि पत्रकात ज्या शहराचे नाव छापलेले असते ते तिथून दीड-दोन तासांवर असते. जेनोआ आणि नेपल्स पहिल्या जातीची. लिव्होर्नो आणि चिविताव्हेक्या दुसऱ्या जातीची, कारण पत्रकात त्यांच्या जागी फ्लॉरेन्स आणि रोम असे छापलेले असते. जहाज सकाळी सातला लागते आणि सायंकाळी सहा-सातला सुटते, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी सर्वांनी परत आलेले असावे लागते, आणि उशीर झालेल्या एकट्या-दुकट्यासाठी ते थांबत नाही. या हिशेबात चार तास बसमध्ये घालवायचे की गावात, हे ठरवणे हाच सगळा कार्यक्रम आखण्याचा गाभा आहे, आणि नेमके तेच आमच्या संस्थेने कुणीतरी आखून दिलेल्या साच्यावर सोडून दिले होते.

बार्सिलोनाची व्यवस्था चांगली होती. साग्रादा फामिलियाची तिकिटे ठरावीक वेळेची आणि आगाऊ काढावी लागतात. ती संस्थेने दोन महिने आधी काढून ठेवली होती आणि दारात गेलेल्या कित्येक प्रवाशांना परत फिरावे लागत असताना आमचा गट सरळ आत गेला. १८८२ साली सुरू झालेले हे चर्च, त्याचे काम दुसऱ्या वर्षी हाती घेणारा आंतोनी गाउदी आणि १९२६ साली ट्रामच्या धडकेने झालेला त्याचा मृत्यू ही माहिती वाटाड्याने नीट सांगितली. आतील खांब झाडांच्या खोडांसारखे वर जाऊन फांद्या फुटाव्यात तसे फुटतात आणि सकाळच्या बाजूच्या काचा निळ्या-हिरव्या, सायंकाळच्या बाजूच्या तांबड्या-नारिंगी आहेत, म्हणून शक्य असेल तर उन्हे कलल्यावरची वेळ मागून घ्यावी. ला राम्ब्लाच्या रस्त्यावर खिसे सांभाळा, हे टूर मॅनेजरने बारा वेळा सांगितले आणि तरीही आमच्यातील एकाचा मोबाइल गेलाच. या शहरातील लोकांना आता पर्यटकांचा कंटाळा आलेला आहे, हेही जाणवते. २०२४ साली तिथल्या निदर्शकांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले होते. बसभर माणसे रस्त्यात उभी करून मोठ्याने हजेरी घेणाऱ्या आमच्या गटाकडे पाहणाऱ्या एका आजीबाईंच्या चेहऱ्यावर ती पिचकारी मला स्पष्ट दिसली.

मार्सेयला जहाज जुन्या बंदरापासून बऱ्याच अंतरावर, मालवाहू धक्क्यांच्या रांगेत लागते. तिथून बसने नोत्र-दाम द ला गार्द या चर्चच्या टेकडीवर नेतात. वरून बेटे, जुने बंदर आणि मागच्या पांढऱ्या चुनखडीच्या डोंगरांसह अख्खे गाव नजरेत येते. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० वर्षे ग्रीक खलाशांनी वसवलेले हे गाव फ्रान्समधील सर्वांत जुन्या शहरांपैकी आहे. मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र इथली तारीख ८ जुलै १९१०. त्या दिवशी सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी इथल्या बंदरात उडी घेतली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने पकडून त्यांना पुन्हा ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केले. परक्या भूमीवरून झालेली ही अटक योग्य की अयोग्य, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल इंग्लंडच्या बाजूने लागला. आमच्या बसमधील ३८ जणांपैकी ही घटना ठाऊक नसलेला एकही नव्हता. ती न सांगणारा एकच होता, तो माइक हाती असलेला फ्रेंच वाटाडा, आणि त्याला दोष देता येत नाही. दोष त्याच्या शेजारी बसलेल्या आपल्या टूर मॅनेजरचा आहे. शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी माइक मागून घेतला आणि दहा मिनिटांत सगळी हकिकत सांगितली, तेव्हा बसमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पुढे अर्धा तास साबणाच्या दुकानात गेला. मार्सेयचा साबण प्रसिद्ध आहे हे खरे, तरी अर्धा तास जास्तच.

या फेऱ्यातील सर्वांत सुखाचा दिवस जेनोआचा, आणि तो सुखाचा होण्याचे कारण असे की त्या दिवशी आमची बस आलीच नाही. स्थानिक कंपनीशी काही घोळ झाला, टूर मॅनेजरने हात जोडले आणि दुपारी साडेतीनपर्यंत सर्वांना मोकळे सोडले. जहाज रेल्वे स्टेशनजवळच लागते आणि तिथून दहा मिनिटांत आपण जुन्या गावाच्या बोळांत शिरतो. त्या बोळांना तिथे ‘कारुज्जी’ म्हणतात. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतके ते अरुंद आहेत, वर सहा-सात मजली घरे, मध्येच वाळत घातलेले कपडे, आणि अचानक एका वळणावर श्रीमंत सावकारांच्या वाड्यांचा रुंद, शांत रस्ता. हे ‘रोल्ली’ वाडे म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या पाहुण्यांची सोय करण्यासाठी यादीत नोंदवलेली घरे. पाहुणा जितका मोठा तितका वाडा मोठा, असा सरळ हिशेब होता. २००६ पासून ही वास्तुमालिका जागतिक वारशाच्या यादीत आहे. कास्तेल्लेत्तोच्या सज्ज्यावर जाण्यासाठी सार्वजनिक लिफ्ट आहे. वरून पाटीच्या करड्या दगडाची छपरे, बंदर आणि १५४३ सालचा दीपस्तंभ दिसतो.

शाकाहारी मंडळींनी जेनोआ विसरू नये. इथे ‘फारिनाता’ नावाचा पदार्थ मिळतो: हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावर मोठ्या तांब्याच्या परातीत, लाकडाच्या भट्टीत भाजलेले पातळ, कडेला कुरकुरीत आणि आत मऊ असे बेसनाचे धिरडेच ते. सौ.ने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “यात ओवा आणि हिरवी मिरची पडायला हवी होती, एवढंच.” दुकानदाराला हे सांगण्याइतके इटालियन आम्हाला येत नव्हते, हे एका अर्थी बरेच झाले. पेस्तो हीही याच गावची चटणी. तुळशीच्या जातीची पाने, लसूण, चिलगोज्यासारख्या बिया, चीज आणि तेल संगमरवरी खलात कुटून करतात. त्यातील पार्मिजानो चीज वासराच्या जठरातील विरजण वापरून केलेले असते, म्हणून काटेकोर शाकाहारींनी पेस्तो टाळावी. ही गोष्ट आम्हाला संस्थेने सांगितली नाही, आणि जैन जेवणाचे निराळे पैसे घेतलेल्या दोन कुटुंबांना तरी ती सांगायलाच हवी होती.

आता लिव्होर्नो. या दिवसासाठीच आम्ही हा फेरा निवडला होता. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेचा प्रवास आटोपून परत येत असताना फ्लॉरेन्स मुक्कामी ३० नोव्हेंबर रोजी निवर्तले. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती आणि त्या शहरात दहनाची चाल नव्हती. तरीही खास परवानगी मिळून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांचा अंत्यविधी हिंदू पद्धतीने झाला. त्याच जागी १८७४ साली त्यांच्या स्मारकाची छत्री उभी राहिली. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा आणि वरची छत्री मेजर मँट यांच्या आराखड्याची. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाउन हॉल ज्यांनी आखला तेच हे मँट. तो भाग, तिथला चहापानाचा बंगला आणि १९७८ पासूनचा मोठा पूल ही सगळी ठिकाणे फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘इंदियानो’ या नावानेच ओळखतात. कोल्हापुरातून, कोल्हापूरच्याच लोकांना घेऊन जाणाऱ्या संस्थेच्या पत्रिकेत या जागेचा उल्लेख नव्हता. नोंदणीच्या वेळी मी विचारले होते, तेव्हा “तिथे गेल्यावर बघू या, काका” असे उत्तर मिळाले.

तिथे गेल्यावर काय झाले ते सांगतो. जहाज सातला लागले, बस आठला सुटली, पावणेदहाला फ्लॉरेन्स. मुख्य चर्चवरचा ब्रुनेलेस्कीचा घुमट बाहेरून, सिन्योरिया चौकातील पुतळे, पोंते व्हेक्यो या पुलावरील सराफी दुकाने (आमच्या गुजरीची आठवण गटातील सर्व बायकांना एकाच वेळी झाली) हे सारे साडेबारापर्यंत व्यवस्थित झाले. त्यापुढे भारतीय हॉटेलात जेवणासाठी दीड तास आणि चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात पाऊण तास राखून ठेवला होता. छत्रीचे नाव काढल्यावर टूर मॅनेजर म्हणाला, “काका, तिथं बघण्यासारखं काय नाही, बागेच्या टोकाला नुसती एक घुमटी आहे.” तो मुलगा कष्टाळू आहे आणि पुण्याहून बदलीवर आलेला आहे, म्हणून मी काही बोललो नाही. आम्ही दोघे आणि कागलचे एक जोडपे असे चौघे जेवण सोडून निघालो.

पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगाचे म्हणून लिहून ठेवतो. फ्लॉरेन्समध्ये टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबत नाही, ठरलेल्या थांब्यावरून घ्यावी लागते किंवा फोनने बोलवावी लागते. कास्चिने हे नदीकाठचे लांबलचक उद्यान आहे आणि छत्री त्याच्या पश्चिमेच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. ट्राम उद्यानाच्या शहराकडील बाजूस सोडते आणि तिथून पुढे बरेच चालावे लागते, त्यामुळे वेळ थोडा असेल तर टॅक्सी थेट ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’पर्यंत न्यावी आणि ती तिथेच थांबवून ठेवावी. आम्ही तसेच केले. जाऊन-येऊन सव्वा तास लागला आणि त्यातील पस्तीस मिनिटे छत्रीपाशी मिळाली. वर्दळ नव्हती. एक मनुष्य कुत्रा फिरवत होता, सायकलवरून दोन मुली गेल्या. डोक्याला पागोटे, गळ्यात मोत्यांच्या माळा, मिसरूड फुटलेला कोवळा चेहरा आणि समोर संथ वाहणारी नदी. कागलच्या वहिनींनी घरून पिशवीतून हळदी-कुंकू आणले होते. त्यांनी ते संगमाच्या काठावर वाहिले आणि आम्ही चौघे काही न बोलता टॅक्सीत बसलो. तिकडे हॉटेलात पनीर बटर मसाला झाला होता, आणि आम्ही परतलो तेव्हा मंडळी दुकानात चामड्याचे पट्टे पाहत होती.

आणखी एक गोष्ट: लिव्होर्नो हे स्वतः समुद्रकाठचे गाव आहे. त्याच्या जुन्या भागातील कालवे, समुद्राला लागून असलेला काळ्या-पांढऱ्या फरशांचा मास्कान्यी सज्जा आणि ‘काच्चुक्को’ नावाचा माशांचा दाट रस्सा यांसाठी इटलीतील लोक तिथे जातात. आमच्या ३८ जणांपैकी कुणीही ते पाहिले नाही, कारण धक्क्यावरून बस सरळ महामार्गाला लागली.

चिविताव्हेक्याविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. सम्राट ट्रेजनने बांधवलेल्या या बंदरातून रोम गाठायला बसने दीड तास लागतो. कलोसियम बाहेरून, त्रेव्हीचे कारंजे गर्दीतून आणि सेंट पीटर्सचा चौक उन्हातून पाहून आम्ही परत आलो. रोम पाहायचे असेल तर स्वतंत्र चार दिवस काढून जावे. या एका दिवसाच्या भरवशावर ‘रोम झाले’ असे कुणी म्हणू नये, निदान मी म्हणणार नाही.

नेपल्सला जहाज किल्ल्यासमोर लागते आणि रस्ता ओलांडला की आपण गावात असतो. संस्थेची सहल पॉम्पेईची होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडले गेलेले ते नगर प्रथम जाणाऱ्याने पाहावेच; मी नोकरीत असताना एकदा पाहिले होते, म्हणून या वेळी आम्ही दोघांनी गटाची रजा घेतली आणि बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्टेशनवरून मेट्रोने म्युझियो स्टेशनला गेलो. तिथल्या राष्ट्रीय पुराणवस्तू संग्रहालयात पॉम्पेईची उत्तमोत्तम चित्रे, मोझेइक आणि भांडी आणून ठेवलेली आहेत, आणि त्यांत १९३८ साली एका घरात सापडलेली, जेमतेम वीतभर उंचीची एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे तिचे रूढ नाव. अलीकडचे अभ्यासक तिला यक्षी मानतात, आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला सापडलेल्या आहेत. महालक्ष्मीच्या गावातून निघालेल्या माणसाला ही मूर्ती भेटल्यावर काय वाटेल ते सांगण्याची गरज नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात याची उलट बाजू ठेवलेली आहे: पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची काशाची लहान मूर्ती. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव, म्हणजे आम्ही ज्या पाण्यावर सात रात्री झोपलो त्या पाण्याचा धनी. सातवाहनांच्या काळात तो आमच्या गावी आला आणि इथली हस्तिदंती बाई तिकडे गेली. दोघांच्याही व्हिसाची व्यवस्था आमच्यापेक्षा सुलभ झाली असावी.

दुपारी स्पाकानापोलीच्या सरळसोट गल्लीत उभ्याने पिझ्झा खाल्ला. टोमॅटो, मोत्झारेल्ला, तुळस, बाकी काही नाही. कडा फुगलेल्या आणि भट्टीच्या आचेने ठिपक्याठिपक्यांनी करपलेल्या. नेपल्स घाणेरडे आहे, गोंगाटाचे आहे, स्कूटरवाले अंगावर येतात, आणि कोल्हापूरच्या माणसाला तिथे ओळखीचे वाटते ते याचमुळे. पाचही बंदरांत पुन्हा जावेसे वाटले ते याच गावी.

हिशेब असा. जहाज, खोली, विमान आणि व्हिसाची कागदपत्रे यांत संस्था चोख आहे. बोटांच्या ठशांसाठी आम्हाला मात्र मुंबईला जावे लागले, तेव्हा तशी वेळ आल्यास महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट आधीच काढून ठेवावे. किनाऱ्यावरच्या सहलींसाठी माणशी सुमारे ३५ हजार रुपये धरलेले होते. ते वजा करून नुसते जहाज आणि विमान घेता येते का, असे विचारावे. येते, पण आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. जेनोआ आणि नेपल्स स्वतः पायी पाहावे. लिव्होर्नो आणि चिविताव्हेक्याला लांब जायचे असेल तर जहाजाच्याच अधिकृत सहलीने जावे, कारण तिला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते आणि आपण स्वतःच्या जबाबदारीवर गेलो तर थांबत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मार्सेय आणि जेनोआच्या चढांचा विचार आधी करावा.

परत आल्यावर संस्थेच्या कार्यालयात जाऊन छत्रीविषयी लेखी सूचना दिली. मालकांनी चहा पाजला, कागद वाचला आणि पुढच्या हंगामापासून फ्लॉरेन्सच्या दिवशी ‘राजाराम महाराज स्मारक’ ही ऐच्छिक सहल ठेवू असे सांगितले. त्यासाठी माणशी ४० युरो जादा पडतील. चामड्याचे दुकान कमी केले तर तेवढ्याच वेळात ती फुकट बसते, हे मी त्यांना कागदावर वेळ मांडून दाखवले; तो कागद त्यांनी ठेवून घेतला आहे.